दांडी कुणी बांधली

मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. तो उठून नाही म्हणायला येत नाही, आणि मागे जिवंत उरतात त्यांना आपापलं घर चालवायचं असतं. चौकशीचा अहवाल अवघा दोन पानी होता. वहिनीनं तो लाँड्रीच्या नोटीस बोर्डापुढे उभं राहून तीनदा वाचला, चष्मा पदराला पुसून चौथ्यांदा वाचला, आणि चौथ्यांदाही त्यात तेच होतं. मृत कामगार महिलेने काम लवकर उरकावे म्हणून रोलरची सुरक्षा दांडी स्वतःच बांधून ठेवली होती, सबब अपघातास तिचा निष्काळजीपणा कारणीभूत आहे. खाली सही, शिक्का, तारीख. जीव गेला तिचा, आणि गुन्हेगारही तीच.

मृत कामगार महिला म्हणजे वहिनीची धाकटी नणंद, भिंगरी. एका जागी पाय ठरायचा नाही म्हणून लहानपणी पडलेलं नाव, ते चाळिशी उलटली तरी सुटलं नव्हतं. वहिनीला सगळी लाँड्री वहिनी म्हणायची तीही भिंगरीमुळेच. वहिनीपेक्षा दहा वर्षांनी मोठा मॅनेजरसुद्धा वहिनीच म्हणायचा. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ही नणंद अकरा वर्षांची होती आणि पहिल्याच जेवणात आमटी खारट झाल्याचं सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं बोलली होती. पुढे नवरा गेला, सासू गेली, आणि दोन खोल्यांत या दोघी उरल्या. माहेरी निघून जावं तर हिला कुणाच्या भरवशावर टाकायचं, म्हणून वहिनी राहिली. काही वर्षांनी राहायला कारण लागेनासं झालं.

लाँड्री मोठी होती. हॉस्पिटलं, हॉटेलं, वसतिगृहं, सगळ्यांच्या चादरी तिथे यायच्या. मधल्या दालनात रोलर. वाफेनं तापलेले तीन लोखंडी नळे, भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरून आत द्यायची, पलीकडून ती कोरडी, ताठ होऊन बाहेर पडायची, आणि तिथे घडीच्या टेबलाशी वहिनी. अलीकडे भिंगरी आणि तिची जोडीदारीण, पलीकडे वहिनी, अशी बारा वर्षं गेली. भिंगरी वाफेतून ओरडायची, "वहिनी, तू चादरीची घडी घालतेस की तिची समजूत काढतेस?"

चादर आत जाते तिथे, बोटांच्या पुढ्यात, एक लाल दांडी होती. हाताचा धक्का लागला की रोलर जागच्या जागी थांबायचा. तिचं काम तेवढंच, पण ते मोलाचं होतं. दांडी जुनी झाली होती. जाड चादरीचा काठ लागला तरी रोलर थांबायचा, आणि पुन्हा चालू करायला दीड मिनिट जायचं. दुरुस्त करा म्हणून बायकांनी वर्षभर कानीकपाळी ओरडून झालं होतं. त्या सकाळी हॉस्पिटलचा माल उशिरा आला होता आणि रोलर सहाव्यांदा थांबला होता. साडेआठच्या सुमाराला मॅनेजर स्वतः आला. रोलरच्या वरून पलीकडचं दिसतं ते कमरेपासून वर. वहिनीला दिसलं ते एवढंच, की मॅनेजर हातात पांढरी पट्टी घेऊन दांडीशी वाकला, आणि सरळ झाला तेव्हा हात रिकामे होते. त्यानंतर रोलर एकदाही थांबला नाही.

सव्वाअकराला भिंगरीचा हात चादरीबरोबर आत गेला. जोडीदारीण किंचाळत भिंतीवरच्या बटणाकडे धावली, वहिनी टेबलावरची कात्री घेऊन दांडीकडे. तिनं गाठ कापली, दांडी खाली पडली, रोलर थांबला. मधे किती वेळ गेला, ते वहिनी कधी मोजत नाही.

तिसऱ्या दिवशी माणूस कबरीतून उठतो असं तिला लहानपणापासून चर्चमध्ये शिकवलं होतं. भिंगरी तिसऱ्या दिवशी गेली.

चौकशीला अधिकारी आला, चहा प्यायला, बायकांना एकेक करून आत बोलावलं. वहिनी सोडून सहा जणी रोलरच्या आसपास होत्या, सहाही जणींनी काही पाहिलं नव्हतं. जोडीदारीण हातभर अंतरावर उभी होती. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "माझं लक्ष चादरीकडे होतं." वहिनीनं पाहिलं ते सगळं सांगितलं. अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं आणि पुढे लिहिलं, नातेवाईक असल्याने मनावर परिणाम झालेला दिसतो. वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला तो यावर. दांडी बांधलेली होती एवढं तिच्या जबानीतून उचललं, आणि ती कुणी बांधली हे मॅनेजरच्या जबानीतून. बाईनं आपला डोक्याचा रुमाल फाडून बांधली असणार, असं तो म्हणाला होता. बांधलेलं फडकं मागाहून कुणाला सापडलं नाही, आणि शोधायचीही कुणाला घाई नव्हती.

मॅनेजर वहिनीच्याच चर्चच्या मंडळीतला. नुसता मंडळीतला नाही, पंच कमिटीचा सेक्रेटरी. चर्चची किल्ली, पत्रव्यवहार, प्रभुभोजनाच्या मेजावरची वस्त्रं, सगळं त्याच्याकडे. माणूस वाईट म्हणावा असाही नव्हता. कुणी आजारी पडलं की पहिला हा हजर. भिंगरीच्या शवपेटीलाही त्यानं खांदा दिला होता, आणि तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वहिनीला ते पाणी खोटं वाटलं नव्हतं, म्हणूनच अहवाल वाचल्यावर तिला त्या पाण्याचा जास्त संताप आला.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीच्या बुधवारी चर्चचे पाळक घरी आले. बसले, पाणी घेतलं, प्रार्थना केली, आणि मग पाकिटातून कागद काढला. तयार टाइप केलेलं निवेदन होतं. मला अहवाल मान्य आहे, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, पूर्वीचे म्हणणे दुःखाच्या भरात केले होते. खाली सहीसाठी रेघ.

"हे कुणी लिहिलं?" वहिनीनं विचारलं.

"कुणी का लिहिलं असेना. वहिनी, तो माणूस पाच आठवडे झोपलेला नाही. मंडळीत कुजबुज आहे. रविवारी पुनरुत्थानाची उपासना, आणि आपण एकमेकांकडे पाठ करून बसायचं का? प्रभूनं क्रूसावर सगळ्यांचं पाप स्वतःवर घेतलं. खिळे मारणाऱ्यांनाही क्षमा केली. तुम्ही क्षमा करून टाका."

"क्षमेचं मी बघते," वहिनी म्हणाली. "पण या कागदावर क्षमा हा शब्दच नाही. यात एवढंच आहे की मी खोटं बोलले आणि भिंगरीनं आपला जीव आपणच घालवला."

"झालेलं उकरून काय मिळणार?"

"साहेब, दर रविवारी आपण उभं राहून आपल्या विश्वासाचा मतांगीकार म्हणतो. देवाचं नाव, पुत्राचं नाव, आईचं नाव, आणि त्याच दमात पिलाताचं नाव. तो काही संत नव्हता. प्रभूला क्रूसावर द्यायचा हुकूम सोडून हात धुऊन मोकळा झालेला साहेब होता. दोन हजार वर्षं मंडळी त्याचं नाव घेतेय. प्रभूनं क्षमा केली म्हणून ते नाव कुणी गाळलं का? प्रभू आपल्या हलगर्जीपणानं मेला, असं कुणी लिहिलं का?"

पाळक मृदू माणूस होते, आणि मृदू माणसांना भांडणापुढे खरं-खोटं सारखंच जड वाटतं. ते म्हणाले, "कागद ठेवून जातो. विचार करा." कागद ठेवून ते गेले. वहिनीनं तो पिठाच्या डब्याखाली सारला, कारण फाडायला हात शिवशिवत होते आणि फाडायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत जोडीदारीण एकटी सापडली. ही त्यांच्याच मंडळीतली, उपासनेला दोन बाकं पुढे बसायची. वहिनीला पाहून ती कपाटात डोकं घालून काहीतरी शोधू लागली. त्या कपाटात एक डबा आणि एक छत्री यापलीकडे शोधण्यासारखं काही नव्हतं.

"मी तुला शिव्या द्यायला आले नाही," वहिनी म्हणाली. "तुला दोन लेकरं आहेत, मला ठाऊक आहे. एकच विचारते. प्रभूच्या कबरीवर गेलेल्या बायका ती रिकामी पाहून घाबरल्या, पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, असं शास्त्रात एके ठिकाणी लिहिलंय की नाही?"

"लिहिलंय."

"मग तुला-मला कसं कळलं?"

जोडीदारणीनं कपाट लावलं, किल्ली फिरवली, पुन्हा ओढून बघितलं आणि निघून गेली. वहिनीला राग आला, मग त्या रागाची लाज वाटली, मग पुन्हा राग आला.

उत्तम शुक्रवारी पाळकांनी क्रूसावर उपदेश केला. त्यानं आमची पापं वाहिली, आमचे डाग धुतले, आम्ही हिमासारखे शुभ्र झालो. मॅनेजर पहिल्या बाकावर मान खाली घालून बसला होता, आणि उपदेश पुढे सरकत गेला तसे त्याचे खांदे सैल पडत गेले. वहिनी मागून बघत होती. या माणसाला क्रूस म्हणजे लाँड्री वाटते, ती मनात म्हणाली. मळकं गाठोडं खिडकीतून आत टाकायचं, पावती घ्यायची, शुक्रवारी शुभ्र परत. आतल्या बाईनं काही विचारायचं नाही. पण बत्तीस वर्षं आतली बाई ती स्वतः होती, आणि तिला एक गोष्ट कुठल्याही पाळकापेक्षा जास्त ठाऊक होती. डाग दाखवावा लागतो. रक्ताचा की शाईचा की तेलाचा, ते सांगावं लागतं. लपवलेला डाग तसाच रोलरखाली गेला, तर उष्णतेनं तो असा बसतो की मग कापड फाटेल पण डाग निघणार नाही. प्रभू धुवायला मेला असेल, ती म्हणाली, डागावरून इस्त्री फिरवायला नाही. आणि मग तिला देवाचाही राग आला. तुझा तेवढा उठवलास, माझी का नाही, असं तिनं भर उपासनेत, ओठ न हलवता, त्याला स्पष्ट विचारलं. उत्तर तिला नकोच होतं, विचारायचं तेवढं होतं.

शनिवारी सुट्टी होती. न्हाणीच्या दारामागे वहिनीचा त्या दिवशीचा एप्रन पाच आठवडे टांगलेला होता. दुसऱ्यांचं धुण्यात जिचा जन्म गेला तिला आपलं एक फडकं धुववत नव्हतं. आज तिनं दात आवळून तो काढला. धुण्याआधी खिसे तपासायचे, हा या धंद्यातला पहिला धडा. हात आपोआप खिशात गेला आणि एक पट्टी घेऊन बाहेर आला. दोन बोटं रुंद, पांढरी, एका टोकाला कात्रीनं कापलेली गाठ. कात्रीबरोबर हाताला आली तशी कोंबली असणार. आठवत तर काहीच नव्हतं.

तिनं पट्टी खिडकीशी नेली. रुमाल तर नव्हताच. रुमाल सुती आणि रंगीत असतात, हे जाड लिनन होतं, वापरून मऊ झालेलं. काठ हातानं दुमडलेला. आणि गाठीच्या पोटात, उलगडून पाहिल्यावर, लाल दोऱ्यानं भरलेला नखाएवढा क्रूस.

ती खाली बसली. लाँड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला खूण असते, आणि ही खूण होती त्यांच्या चर्चची. प्रभुभोजनाच्या मेजावर अंथरतात त्या वस्त्राची. बाकीच्यांच्या जुन्या चादरी लाँड्रीत फाडून गठ्ठे बांधायला पट्ट्या करतात, पण मेजाच्या वस्त्राच्या पट्ट्या करत नाहीत. मंडळीचा नियमच तसा. जीर्ण झालं की ते जाळायचं. जाळेपर्यंत ते लाँड्रीतच, मॅनेजरच्या खुर्चीमागच्या कपाटात कुलपात असतं, आणि त्याची किल्ली तो स्वतःच्या खिशात ठेवतो. मोठ्या अभिमानानं ठेवतो. त्या सकाळी घाईत त्यानं हाताशी आलं ते फाडलं होतं. ज्या कापडावर प्रभूचं शरीर म्हणून भाकर ठेवतात, त्याच कापडानं त्यानं दांडी बांधली आणि खाली एका बाईचा हात दिला. वहिनीला रडू येईल असं वाटलं होतं, पण कानशिलं तापली.

तासाभरात ती पाळकांच्या घरी होती. पाळकांनी पट्टी हातात घेतली आणि लाल क्रूसावरून बोट फिरवलं. ही खूण त्यांच्या बायकोच्या हातची होती. ओळखायला चष्मा लागला नाही.

"कपाटातून दुसऱ्या कुणी घेतलं असेल," ते म्हणाले. आवाजात जोर नव्हता. "किल्ली कधी टेबलावरही राहते म्हणे."

"म्हणे."

"वहिनी, हे माझ्याकडे ठेवून जा. सण होऊ दे. मग मी शांतपणे त्यांच्याशी बोलतो."

वहिनीनं हात पुढे करून पट्टी परत घेतली. "साहेब, उद्या तुम्ही काय सांगणार ते मला पाठ आहे. बायका कबरीवरून धावत आल्या, आणि पुरुषांनी त्यांचं बोलणं बडबड म्हणून सोडून दिलं. मग त्यातले दोघे स्वतः गेले, आणि त्यांना काय दिसलं? कापड. रिकामी वस्त्रं पडलेली, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला. प्रेत चोरणारा रुमाल नीट ठेवत बसत नाही, हे घडी घालणाऱ्या बाईला कळतं. बायकांवर नाही, तर कापडावर तरी विश्वास बसला. तुमचा कापडावरही बसेना?"

पाळकांची नजर तिच्या हातातल्या पट्टीवर होती.

"मी अडाणी आहे. पण मला पुनरुत्थान कळतं ते असं. सरकारनं निकाल दिला, अधिकाऱ्यानं हात धुतले, कबरीवर धोंडा लावला, धोंड्यावर शिक्का मारला, पहारा बसवला. फाईल बंद. आणि देव म्हणाला, हा निकाल मला मान्य नाही. तुम्ही मला त्याच फाईलवर सही करायला सांगता?"

ती निघाली तेव्हा पाळक दारापर्यंत आले नाहीत. खुर्चीतच बसून आपल्या बोटांकडे बघत राहिले.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. फुलं होती, नवे कपडे होते, गाणी दणक्यात झाली. पाळकांचा उपदेश मात्र दहा मिनिटांत संपला आणि दोनदा मधेच अडखळला. लोकांना वाटलं, तब्येत बरी नसावी. उपासना संपल्यावर रीतीप्रमाणे ते दाराशी उभे राहिले आणि शेजारी मॅनेजर, दोघंही बाहेर पडणाऱ्यांशी हात मिळवत. पट्टी वहिनीच्या पर्समध्ये होती. सोमवारी सकाळी ती अधिकाऱ्याच्या टेबलावर जाणार होती, मग तो मनावर परिणाम म्हणो की आणखी काही. ते ठरलेलं होतं. पण त्याआधी एक काम इथलं होतं.

"प्रभू उठला आहे, वहिनी," मॅनेजर हात पुढे करून म्हणाला.

"खरोखर उठला आहे, साहेब." तिनं हात हातात घेतला आणि सोडला नाही. "मी तुम्हाला क्षमा करायला आलेय."

त्याचा चेहरा असा उजळला की वहिनीला क्षणभर त्याची कीव आली. मागची रांग थांबली. "देव तुमचं भलं करो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"फक्त कशाची करू, तेवढं सांगा."

"म्हणजे?"

"बुधवारपासून शोधतेय. अहवाल पाच-सहा वेळा वाचला. त्यात तुमची काही चूकच नाही. सगळी चूक भिंगरीची. ज्यानं काही केलंच नाही, त्याला क्षमा केली तर अपमान होईल तुमचा. तेव्हा तुम्ही काय केलं ते तुमच्या तोंडानं सांगा. मी इथल्या इथे क्षमा करते. देवाशप्पथ करते."

वहिनीचा आवाज चढलेला नव्हता. चादरींची संख्या सांगावी तसं ती सांगत होती. पण दारातलं बोलणं आतपर्यंत गेलं, आणि आतली कुजबुज विझत गेली. मॅनेजरनं हात सोडवून घ्यायला बघितलं. बत्तीस वर्षं ओल्या चादरी पिळलेला हात होता, तो सुटला नाही.

"वहिनी, आज सणाचा दिवस," तो म्हणाला आणि मदतीसाठी पाळकांकडे वळला. "तुम्ही तरी समजवा यांना."

पाळकांचा चेहरा पडला होता. पण ते बोलले, आणि रांगेतल्या पहिल्या दहा जणांनी ते ऐकलं. "सांगा ना, सेक्रेटरी. त्या विचारतायत."

मॅनेजरच्या तोंडाची हालचाल झाली. शब्द अगदी ओठांपर्यंत आलेला वहिनीला दिसला, आणि तो यावा म्हणून तिनं, त्या क्षणापुरती का होईना, मनापासून देवाला विनवलं. मग त्यानं तो गिळला.

"मला काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "मी तिथे नव्हतोच. कुणी पाहिलंय मला?"

रांगेत कुणीही कुणाकडे बघितलं नाही. मग मागून, सातव्या की आठव्या जागेवरून, जोडीदारणीनं धाकट्या लेकराला नवऱ्याच्या हाती दिलं आणि ती पुढे आली. या वेळी ती अंगठ्याकडे बघत नव्हती.

"साडेआठ वाजले होते," ती म्हणाली. "मी चादरीचा डावा कोपरा धरला होता, आणि भिंगरीनं उजवा."